तिसरा रकाना

कारंज्याला चोवीस तोंडं होती, त्यातली सतरा चालू होती.

एका माणसाच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘रोज तीन लिटर पाणी’, आणि खाली इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला.

काळ्या कुत्र्याचं वैर फक्त पिवळ्या टोपीशी होतं.

“चहा?” “नको.” “बरं, सरबत?” “नको.” “निदान पाणी?” “नको म्हटलं ना!”

वापर अपुरा.

हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला चौकात जायला हवं. तिथे पिवळी टोपी घातलेली एक मुलगी घाईने आणि जपून चालत येत होती. घाईने आणि जपून, दोन्ही एकदम. ही चाल ज्यांना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

ती वीज कंपनीत मीटर वाचायची. सकाळी आठला निघायचं, बावीस इमारती, दोनशे चाळीस मीटर, तीनला घरची वाट. लोक तिला ‘मीटर’च म्हणायचे. “मीटर आली!” अशी आरोळी जिन्यातून वर जायची आणि घराघरांतले पंखे बंद व्हायचे. जणू ती जाईपर्यंत मागचा आकडा लाजून खाली उतरणार होता! तिला हे काम मनापासून आवडायचं. जिने, गच्च्या, बंद खोल्यांमागून येणारी भांडणं, काळ्या कुत्र्याशी रोजची चकमक... सगळं.

फक्त एक गोष्ट सोडून. बावीस इमारतींतल्या कुठल्याही दारात उभं राहून ‘मीटर कुठंय?’ विचारता यायचं, पण ‘संडास वापरू का?’ विचारता यायचं नाही. एकदा धीर करून विचारलं होतं. घरातल्या बाई म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे पाणी गेलंय.” मागे नळ सुरू होता.

म्हणजे सगळ्या वाटेवर जागा एकच, चौकातलं सार्वजनिक शौचालय. डावी बाजू पुरुषांची. तिथे ना दार, ना टेबल, ना पैसे. उजवी बाजू बायकांची. तिथे निळं दार, दारापाशी टेबल, टेबलामागे मावशी, आणि मावशींसमोर डबा. आत जायचं तर डब्यात एक नाणं. नाणं मोठं नव्हतं, पण नेमकं तेच लागायचं. शिवाय दुपारी दोन ते चार दाराला कुलूप. मीटरचा अख्खा दिवस त्या निळ्या दाराभोवती बेतलेला असायचा. सहाला अर्धा कप चहा, मग बारा वाजेपर्यंत घशाखाली थेंब नाही. तिथून पुढे घर येईपर्यंतही नाही.

त्या सोमवारी तिच्या खिशात नोट होती, नाणं नव्हतं.

“सुट्टे नाहीत गं बाई,” मावशी म्हणाल्या. “सकाळपासून सगळ्या नोटाच नाचवतायत. आणि नाण्याशिवाय सोडलं तर तो ठेकेदार माझ्या नावाने शंख करतो.”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तसं ते फारसं नव्हतंच म्हणा.

तेवढ्यात तिला तो दिसला. दारापासून दहा पावलांवर, छत्रीखाली, स्टुलावर. मांडीवर फळी, फळीवर कागद, दोन्ही मुठींत एकेक छोटं यंत्र.

“अहो, एक नाणं आहे का?”

तो समोर बघत म्हणाला, “मी मोजणीवर आहे. मोजणाऱ्याने कोणाशी बोलायचं नाही, नियम आहे.”

“बोलू नका ना. नाणं द्या.”

त्याने न बोलता खिशात हात घातला, न बोलता नाणं दिलं. ती दारातून आत शिरली आणि मागे आवाज आला – टिक.

बाहेर आली तेव्हा जग बरंच सुंदर झालं होतं. झाडं हिरवी होती. कारंजं कारंज्यासारखं दिसत होतं. आणि स्टुलावरचा माणूस... अरेच्चा, दिसायला काही वाईट नव्हता.

“मला मोजलंत?”

तो गप्प.

“बोला की. नियमाला नाही सांगणार मी.”

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. “मोजलं.”

“कितवी?”

“एकोणिसावी.”

“आणि तिकडे?”

त्याने डाव्या मुठीतलं यंत्र पाहिलं. “दोनशे सहा.”

“बापरे! पुरुष पाणी फार पितात वाटतं.”

“पीत असतील. मी कारणं लिहीत नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “कारणांचा रकाना नाही.”

ती हसत हसत पुढच्या इमारतीत शिरली. काळं कुत्रं भुंकलं, तर त्यालाही हसून दाखवलं. कुत्रं गोंधळून गप्प बसलं.

त्याची मोजणी नऊ दिवसांची होती. दिवसातून दोनदा ती चौक ओलांडायची, बाराला जाताना आणि तीनला परतताना. मंगळवारी बाराला तो म्हणाला, “ताई, आज नाणं आहे ना?”

मावशींनी कपाळावर हात मारला. “ताई म्हणालास? अरे शहाण्या, त्या गाडीला परतीचं तिकीट नसतं!”

त्याचे कान लाल झाले. मोजणीत दोन पुरुष सुटले.

तीन वाजता त्याने चूक दुरुस्त केली. “मीटर, चहा घेणार?”

“नको.”

बुधवारी सरबत. “नको.” त्याच दमात पाणी. “नको म्हटलं ना!”

गुरुवारी तर अवेळी भुरभुर पाऊस आला. प्रेमाच्या गोष्टीत पाऊस आला की काहीतरी व्हायलाच हवं. त्याने छत्री तिच्या डोक्यावर धरली, स्वतःचा अर्धा खांदा भिजू दिला आणि हळूच म्हणाला, “थांबा ना जरा... आवाज किती छान येतोय. टपटप... टपटप...”

पावसाची ही कौतुकं घरी बसणाऱ्यांनी करावीत. तीन वाजले होते, निळ्या दाराला कुलूप होतं, घर तासाभराच्या अंतरावर. ती टपटप तिला एकाच गोष्टीची आठवण करून देत होती.

“मी... मी निघते!”

आणि शुक्रवारी त्याने कहर केला. डोळ्यांत सगळं धैर्य गोळा करून तो म्हणाला, “पाचच मिनिटं. कारंज्यापाशी बसू या?”

सतरा तोंडं. झुळझुळ, खळखळ, सळसळ.

“नाही!” ती इतक्या जोरात ओरडली की कबुतरं उडाली. ती जवळजवळ पळतच सुटली.

शनिवारी त्याने काही विचारलं नाही. ती आत गेली, टिक. बाहेर आली, तो कागदात डोकं घालून बसलेला.

बरं झालं, तिला वाटलं. कटकट गेली. मग घर येईपर्यंत ती मनाशी घोकत राहिली – पण नेमकं काय बरं झालं?

घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर डॉक्टरीणबाईंची ती चिठ्ठी, फाटलेल्या रेघेसकट, आईने चिकटवून ठेवली होती. वर्षात दोनदा मूत्रमार्गाला संसर्ग झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर थेट मूत्रपिंडावर जाईल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. एक तर पाणी पी, नाहीतर फिरतीचं काम सोड. कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर एक खुर्ची रिकामी होती. आठ तास खुर्ची, समोर चिडलेली माणसं, मागे स्वच्छ संडास.

“घे की ती खुर्ची,” आई म्हणाली. “पाय दमायचे नाहीत.”

“आई, पाय दमत नाहीत गं माझे. तेच तर एक दमत नाहीत.”

“मग पाणी पी.”

“आणि मग जाऊ कुठे?”

आईने तांब्या तिच्यापुढे सरकवला. 

सोमवारी निळ्या दारावर कागद लागला होता.

‘महिला विभागाचा वापर अपुरा असल्याचे मोजणीत आढळले आहे. सदर विभाग बंद करून ती जागा दुकानासाठी भाड्याने देण्याचे प्रस्तावित आहे. हरकती असल्यास बुधवारी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेच्या समिती सभागृहात मांडाव्यात.’

तिने कागद दोनदा वाचला. मग सरळ छत्रीखाली जाऊन उभी राहिली.

“हे तुम्ही केलंत.”

“मी फक्त मोजलं,” तो चाचरत म्हणाला. “आठवड्याचे आकडे मागितले, दिले. ते असं काही करतील हे मला—”

“काय मोजलंत? आत गेल्या त्या. आणि ज्या आल्या, टेबल बघितलं, पर्स उघडली, बंद केली आणि निघून गेल्या, त्या? दोन ते चार कुलूप हलवून परत जातात, त्या? ज्या येतच नाहीत, सकाळपासून घसा कोरडा ठेवून बसतात, त्या कुठे लिहिल्यात?”

“तसा रकाना नाही...”

“कशाचाच रकाना नाही तुमच्याकडे! मी पाच वेळा नको म्हटलं, ते कशाला म्हटलं वाटलं तुम्हाला?”

त्याने मुठीतलं यंत्र फळीवर ठेवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “मला वाटलं... मीच नको.”

ती भांडायचं विसरली.

“अहो,” ती म्हणाली, “चहा नको म्हणजे चहा नको! चहा घेतला की अर्ध्या तासात... आणि मग तासभर चालत घरी! आणि तुम्ही? तुम्ही मला पावसाचा आवाज ऐकवता! कारंज्याशेजारी बसवायला निघता! वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ आणू नये!”

टेबलामागे मावशी हसून हसून आडव्या झाल्या. डबा कलंडला.

त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून सगळं उमटत गेलं – चहा, सरबत, छत्री, कबुतरं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून आवाज आला, “म्हणजे... मी नको, असं काही नाही?”

“तुमच्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलंच नाही,” ती म्हणाली आणि गालावर आलेलं हसू कसंबसं परत ढकललं. “आधी हे दार.”

त्याने खिशातून पट्टी काढली. मोजणीच्या छापील नमुन्यावर, ‘पुरुष’ आणि ‘महिला’ या दोन रकान्यांशेजारी, तिसरी उभी रेघ ओढली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं – ‘परत गेल्या’.

“चालेल असं?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “नमुन्यात बदल केला म्हणून पुढचं काम देणार नाहीत मला. पण आधीचा आकडा खोटा नव्हता, अर्धा होता. अर्धा आकडा देणं माझ्या धंद्यात जास्त वाईट.”

त्या क्षणी ती त्याच्या प्रेमात पडली. हे तिला कळायला अजून दोन दिवस लागायचे होते, पण पडली तेव्हाच.

सोमवार, मंगळवार. हातांत दोनच यंत्रं, म्हणून तिसरा रकाना मावशी पेन्सिलीने भरायच्या. त्यांना सगळ्या ओळखीच्या होत्या. “ही बस चालवणारी, दुसऱ्यांदा आली. ही कपड्याच्या दुकानातली, मालक पाचच मिनिटं सोडतो. ही पोटुशी, बघ बिचारी.” रेघा वाढत गेल्या. मीटरने बावीस इमारतींत आकड्यांसोबत निरोप पोचवला – बुधवारी, अकराला, दार उघडं आणि फुकट मागायला.

“पण फुकट झालं तर माझं काय गं?” मावशींनी एकदा हळूच विचारलं.

“रस्ता झाडणाऱ्यांना रस्त्यावरून जाणारे पैसे देतात का, मावशी? त्यांना पगार असतो. तुम्हालाही मिळायला हवा. तेही मागू.”

बुधवारी सभागृहात लांबलचक टेबल होतं. त्यामागे समितीचे सात सभासद, सहा पुरुष आणि टोकाला एक बाई. मधोमध अध्यक्षसाहेब. चहाच्या फेऱ्या चालू होत्या. शौचालयाचा विषय नववा. समोरच्या बाकांवर चौदा बायका बसल्या होत्या. मावशी पहिल्याच बाकावर, बस चालवणारी गणवेशात, दुकानातल्या दोघी अर्धा दिवस रजा टाकून. विषय यायला दीड वाजला.

साहेबांनी कागद हातभर लांब धरला. “हा तिसरा रकाना कसला? नमुन्यात तर नाही.”

“परत गेलेल्या महिला, साहेब,” मोजणीवाला उभा राहिला. “दोन दिवसांत आत गेल्या एकेचाळीस. परत गेल्या एकशे सत्तावन्न.”

“नमुन्याबाहेरची माहिती आम्हाला धरता येत नाही. आणि हे पाहा,” साहेब खुर्चीत रेलले, “फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही. घाण करून ठेवतात. नाणं पडलं की माणूस जपून वापरतो.”

मीटर उठली. टोपी तिने काढून हातात घेतली होती.

“साहेब, त्या चौकात सव्वीस दिवे आहेत. त्यांचं मीटर मी वाचते. त्या उजेडातून हजारो लोक जातात, एकाकडूनही मी आजवर नाणं घेतलेलं नाही. दिवा लागतो, कारण अंधार पडतो. बस, एवढंच. आणि पुरुषांची बाजू पहिल्यापासून फुकट आहे. फुकटाने घाण होत असेल, तर कुलूप तिकडे लावायला हवं ना? इकडे कसं?”

बाकांवर खसखस पिकली. बस चालवणारीने टाळी वाजवली.

“शांतता! शांतता!” साहेबांनी टेबल वाजवलं. “मुद्दा गरजेचा आहे, ताई. आकडे स्पष्ट आहेत. बायकांना तेवढी गरज दिसत नाही.”

“साहेब,” मोजणीवाला परत उभा राहिला, “एक मोजणी राहिली सांगायची. माफ करा, सवय आहे, अंगठा स्वस्थ बसत नाही.” त्याने मूठ उघडली. “अकरा ते दीड. या टेबलामागचे सहा पुरुष मिळून अकरा वेळा बाहेर जाऊन आले. आपण स्वतः तीनदा. खिडकीजवळचे साहेब दोनदा, दुसऱ्यांदा जवळजवळ धावत.”

खिडकीजवळचे साहेब फाईल चाळू लागले.

“टोकाच्या बाईसाहेब – शून्य. समोरच्या बाकांवरच्या चौदा महिला – शून्य. नमुन्याप्रमाणे पाहिलं, साहेब, तर या इमारतीत बायकांना गरजच नाही.”

अध्यक्षसाहेबांनी हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला.

मग टोकाच्या बाईंनी समोरचा चहाचा कप बाजूला सारला. कप भरलेला होता, वर साय धरली होती.

“चार वर्षं मी या समितीत आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे. त्याची किल्ली शिपायाकडे असते. शिपाई बहुतेक वेळा जागेवर नसतो. असला, तर तीन माणसांसमोर त्याच्याकडे किल्ली मागावी लागते. चार वर्षांत या टेबलावर मी एकदाही चहा प्यायलेला नाही. तुम्ही सगळे समजता, मला आवडत नाही.” त्यांनी कपाकडे पाहिलं. “मला चहा फार आवडतो.”

आणि त्यांनी हात वर केला. “महिला विभाग चालू राहावा. विनाशुल्क. दुपारचं कुलूप रद्द. तिथल्या मावशींना सफाई कामगारांप्रमाणे पगार. मी मांडते.”

खिडकीजवळचा हात वर गेला. मग दुसरा. मग तीन एकदम. साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि सहा हात मोजून झाल्यावर, घसा खाकरून, सातवा आपला वर केला.

कोणी ओरडलं, कोणी शिट्टी वाजवली. मावशी रडत रडत शेजारणीच्या पाठीत धपाटे घालत होत्या.

“आणखी एक,” बाई उठत म्हणाल्या. “या इमारतीतली किल्ली आजपासून दारालाच राहील. आता पुढचा विषय पंधरा मिनिटं थांबेल. मी जाऊन येते.”

त्या निघाल्या. मागोमाग बस चालवणारी उठली. मग दुकानातल्या दोघी. मग सगळ्या बाकांवरच्या सगळ्या, हसत, बोलत, एकमेकींना ढकलत, जिन्यावरून खाली, जणू वरातच निघाली होती. समितीचे सहा पुरुष टेबलामागे बसून वाट बघत राहिले.

तळमजल्यावर रांग लागली. मीटर सगळ्यांत शेवटी उभी राहिली. मोजणीवाला बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकला होता आणि त्याचा अंगठा आपोआप चालला होता – टिक, टिक, टिक.

तिने रांगेतूनच हात लांब केला आणि त्याच्या मुठीवर ठेवला. अंगठा थांबला.

“आता पुरे,” ती म्हणाली.

“पुरेच. माझे नऊ दिवस संपले,” तो म्हणाला. हात मात्र त्याने तसाच राहू दिला. “उद्यापासून मला चौकात यायला काही कारण नाही.”

“तुम्ही कारणं कधीपासून लिहायला लागलात?”

“नाही लिहीत. पण...” तो अडखळला. “एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माझ्याबद्दल कोणी विचारलंच नाही. तर... चहा नाही, सरबत नाही, कारंजं नाही. नुसतं विचारतो. मी?”

रांग एक पाऊल पुढे सरकली. ती नाही सरकली.

“तू,” ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी मोजता येईना. तिला त्याच्या मनगटातली नाडी लागत होती, आणि ती सोडायची तिला मुळीच घाई नव्हती.

“उद्या रिकामा आहेस ना?” तिने विचारलं. “मग आठ वाजता ये. माझ्या वाटेवर चल. बावीस इमारती, चार कुत्री.”

“मी काय करू तिथे?”

“कुत्र्यांशी बोल. तुला न बोलायची फार सवय झालीय.”

समोरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं, दोघांना पाहिलं, हातांना पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, तुझा नंबर आला!”

“आलेच,” ती म्हणाली, आणि तरीही आणखी क्षणभर तिथेच उभी राहिली.

त्यांची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. शाळेतून येताना ती चौकात थांबते, निळ्या दारातून आत जाते, बाहेर येते आणि घरी येते. याबद्दल तिने घरी कधी काही सांगितलेलं नाही.